सहृदयतेचा पुरावा जोडा

महाराष्ट्रात डॉक्टर व्हायचा रस्ता खडतर आहे, पण सरळ आहे. बारावी, नीट, 720 पैकी पडतील तेवढे मार्क, मग कॅप राउंड आणि गणपतीला नवस. तुम्हाला माणसं आवडतात का, हा प्रश्न या रस्त्यावर कुठेच लागत नाही. इंग्लंडात चौकशी तिथूनच सुरू होते. मार्कांचं बघू, आधी सहृदयतेचा पुरावा जोडा.

आधीच एखादी पदवी पदरात असलेल्यांसाठी इथे मेडिकलचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. एरवी लागतात पाच किंवा सहा. वॉरिक विद्यापीठात तर फक्त पदवीधरांनाच घेतात. मी मूळची सांगलीची, मुंबईत मायक्रोबायोलॉजीत एमएससी केलेली आणि लग्नानंतर इंग्लंडच्या मध्यभागी, मिडलंड्समध्ये येऊन एका प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासणारी. इतकी वर्षं जंतूंशी संबंध ठेवला, आता ते ज्यांच्या अंगात शिरतात त्यांच्याशीही ओळख करून घ्यावी, असं तिशी उलटल्यावर वाटायला लागलं. नवरा म्हणाला, "कर की." तो आयटीत आहे. समोरच्याला काय हवंय ते न समजून घेता होकार द्यायची त्यांना सवय असते.

अर्ज 15 ऑक्टोबरच्या आत. मेडिकलसाठी जास्तीत जास्त चार विद्यापीठं. त्याआधी गॅमसॅट नाहीतर यूकॅट, विद्यापीठ जे मागेल ते. गॅमसॅट ऑस्ट्रेलियातून आलेली परीक्षा, तिच्यात रसायनशास्त्राच्या आधी कवितांवर आणि व्यंगचित्रांवर प्रश्न असतात. यूकॅटमध्ये एक भाग प्रसंगावधानाचा. प्रसंग देतात, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते कितपत योग्य ते ठरवायचं. पर्याय चार: अत्यंत योग्य; योग्य, पण आदर्श नव्हे; अयोग्य, पण भयंकर नव्हे; अत्यंत अयोग्य. यातल्या तिसऱ्या पर्यायावर माझा जीव जडला. आमच्या घराण्यातले बहुतेक निर्णय त्यात चपखल बसतात.

खरी मेख अनुभवाची. इथल्या मेडिकल स्कूल्स कौन्सिलचं म्हणणं असं, की तुम्ही किती ऑपरेशनं बघितलीत याचं आम्हाला फार कौतुक नाही. कुणाची काळजी घेतलीत का? म्हाताऱ्यांना सांभाळणारं केअर होम, मरणाच्या दारातल्यांसाठीचं हॉस्पिस, अपंगांचं केंद्र, कुठेही. आणि त्यातून काय शिकलात ते सांगा. काही विद्यापीठं तर किती तास हवेत तेही लिहून ठेवतात. मी आईला फोनवर हे सांगितलं. ती क्षणभरही विचारात पडली नाही.

"किती तास हवेत? आपले डॉक्टर देतील की लिहून."

"आई, तसं नाही चालत."

"तुझ्या बाबांना रजेसाठी देतातच ना? स्वभावाने फार चांगले आहेत."

आमच्या डॉक्टरांनी मनात आणलं असतं तर माझी सहृदयता लेटरहेडवर, शिक्क्यासकट, दुपारच्या चहाच्या आत तयार झाली असती. पण इथे प्रमाणपत्र देणाऱ्याला फोन करून विचारतात, आणि तो खरं सांगतो. आई म्हणाली, "मग कसला देश तो!"

मी हेल्थकेअर असिस्टंटच्या जागा शोधायला लागले. आपल्याकडच्या वॉर्डातल्या मावशी आणि वॉर्डबॉय यांची कामं एकत्र करा, त्यात बीपी-तापमान मोजणं मिसळा आणि वर गणवेश चढवा, म्हणजे ही नोकरी. हॉस्पिटलच्या जाहिरातीत लिहिलेलं, केअर होमचा अनुभव असल्यास प्राधान्य. केअर होमच्या जाहिरातीत, हॉस्पिटलचा अनुभव असल्यास प्राधान्य. अनुभव मिळवण्यासाठी अनुभव हवा, हे तत्त्वज्ञान मला वाटायचं फक्त पुण्याच्या कंपन्यांनाच सुचतं.

शेवटी एका हॉस्पिटलने मुलाखतीला बोलावलं. तयारीत कळलं, की इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य नर्सिंग अधिकारी जेन कमिंग्ज यांनी 2012 मध्ये या क्षेत्राला सहा मूल्यं नेमून दिली, सगळी इंग्रजी 'सी'वरून सुरू होणारी: केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज आणि कमिटमेंट. प्रत्येकाचं एकेक उदाहरण स्वतःच्या आयुष्यातून द्यायचं. कम्पॅशनला मी लोकलमधली चौथी सीट सांगितली: तिघी बसलेल्या असताना आपण सरकायचं आणि चौथीला अर्धी का होईना टेकायला जागा द्यायची. समोरच्या सिस्टर मन लावून ऐकत होत्या. "आणि मग काय झालं?" मी म्हणाले, "मग पाचवी आली." बहुधा करेजचे मार्कही त्यातच मिळाले.

कागदपत्रांचा अध्याय लांबचा आहे, थोडक्यात सांगते. पोलिसांकडची तपासणी, तिच्यासाठी गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, मध्ये एकही दिवस बेघर न राहता. हेपटायटिस बीची लस. मग क्षयाच्या लशीचा पुरावा. कागद सांगलीत, तोही असला तर. नर्स म्हणाली, बाही वर कर. दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून तिने खूण केली आणि सोडून दिलं. आख्ख्या प्रकरणात माझ्याकडचं हे एकच भारतीय प्रमाणपत्र, ज्याची साक्षांकित प्रत कुणी मागितली नाही.

मला कायम जागा मिळाली नाही. हॉस्पिटलकडे राखीव माणसांची एक यादी असते, जिथे माणूस कमी पडेल तिथे त्यातलं कुणीतरी पाठवायचं. तिला इथे 'बँक' म्हणतात. मी घरी कळवलं, "मी बँकेवर लागले." फोन स्पीकरवर होता. दुसऱ्या दिवसापर्यंत सांगलीच्या विश्रामबागेतल्या अर्ध्या लोकांना समजलं होतं, की मुलगी इंग्लंडात बँकेत लागली. मी खुलासा करायला फोन केला तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "मला कळलंय गं सगळं. पण आता राहू दे तसंच." अयोग्य, पण भयंकर नव्हे. मामांनी मात्र तिथला होमलोनचा दर विचारला, तो मला बघून सांगावा लागला.

कामाला लागायच्या आधी बांगड्या उतरल्या. कोपराच्या खाली काही घालायचं नाही, एक साधी अंगठी तेवढी चालते. घड्याळ छातीवर उलटं लटकवायचं. मग प्रशिक्षण: केअर सर्टिफिकेट, तेव्हा 15 मानकांचं. हे 2015 पासून आहे, आणि त्यामागे एका हॉस्पिटलात झालेल्या भयंकर हेळसांडीची चौकशी आहे, म्हणून त्याची थट्टा मी करणार नाही. त्यात शिकले ती मुख्य गोष्ट म्हणजे पेशंटला उचलायचं नसतं. सरकवायचं, वळवायचं, यंत्राने उचलायचं, पण आपण उचलायचं नाही. दोघांत मिळून करायचं आणि कंबर जपायची. माझ्या आजेसासूबाईंना आम्ही चार जणांनी चादरीला धरून जिन्यावरून खाली आणलं होतं. तो प्रसंग मी वर्गात सांगणार होते, पण बाईंचा चेहरा बघून थांबले.

छातीवर पिवळा बिल्ला: हॅलो, माय नेम इज. यामागे केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. कॅन्सर झाल्यावर त्या स्वतः पेशंट म्हणून पलंगावर पडल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की येणारा-जाणारा तपासतो, पण स्वतःचं नाव काही सांगत नाही. त्यांनी 2013 मध्ये ही मोहीम सुरू केली, 2016 मध्ये त्या गेल्या. मला इथल्या आरोग्यखात्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आता माझं नाव मृणालिनी, ही अडचण त्यांची नव्हे. एक आजोबा मला शेवटपर्यंत मर्लिन म्हणत होते, आणि वॉर्डातल्या आज्यांनी तर नावाचा नादच सोडून मला मिडलंड्सच्या पद्धतीने लाडाने 'डक' करून टाकलं.

आता मुख्य विषय. जेवताना वाचत असाल तर पुढचा परिच्छेद नंतर वाचा, असं मी म्हणणार होते, पण मराठी माणूस या विषयावर जेवतानाच बोलतो. बेडपॅन इथे कागदाच्या लगद्याचे असतात, काम झालं की एका यंत्रात टाकायचे, ते सगळं दळून गटारात सोडतं. पण दळण्याआधी बघायचं आणि नोंद करायची. त्यासाठी ब्रिस्टल नावाचा तक्ता आहे, 1997 मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी छापलेला. विष्ठेचे सात प्रकार, चित्रांसह. एक म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सात म्हणजे निव्वळ पाणी, आणि चार म्हणजे आदर्श. मुलाखती देऊन देऊन दमलेल्या मला या तक्त्याचं फार बरं वाटलं. जगात निदान एका ठिकाणी आदर्श कशाला म्हणायचं ते नक्की ठरलेलं आहे.

माझे सासरे, अण्णा, साताऱ्यात असतात. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस पोट साफ होण्यावर ठरतो: झालं तर पेपर, नाही झालं तर एरंडेल. सून परदेशात बायकांची आजारपणं काढते, हे त्यांना पसंत नव्हतं. मी तक्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन दिवस शांतता. मग सकाळी सकाळी मेसेज आला: "आज ३." पुढच्या आठवड्यात त्यांच्या फिरायच्या ग्रुपमधले जोशीकाका, पाटीलकाका सगळे आकड्यांत बोलायला लागले. "साडेतीन असतं का?" हा प्रश्न अण्णांनी फोन करून विचारला. नसतं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तक्ता अपुरा आहे." तेव्हापासून माझ्या नोकरीविषयी त्यांची तक्रार नाही. पाहुण्यांना सांगतात, "सूनबाई रिसर्चमध्ये आहे."

चहाचंही तसंच. पेशंट किती प्यायला आणि किती बाहेर गेलं, याचा दिवसभर मिलिलिटरमध्ये हिशेब. कप दोनशेचा, आजीने घेतले तीन घोट, उरलेला गार. ज्यांना पातळ पदार्थ ठसका लागून फुप्फुसात जाण्याची भीती असते, त्यांच्या चहात पावडर घालून तो दाट करतात. दाटपणाच्याही पायऱ्या आहेत, आंतरराष्ट्रीय, शून्य ते चार. पायरी जशी वर जाते तसा चहा पिठल्यासारखा होत जातो आणि पुढे चमच्याने खावा लागतो. साहेबाने दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं त्याचा सूड म्हणून मी हा कप पुढे करते आहे, असा एका आजोबांचा समज झाला होता. तसं ते बोलूनही दाखवलं. मग मी आत जाऊन थोडा स्वतः चाखला, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं.

मिडलंड्समध्ये गुजराती पेशंट पुष्कळ. एकदा एका बांशी, म्हणजे गुजराती आजींशी, कुणाला बोलता येईना. रीतसर दुभाषा टेलिफोनवर मिळतो, पण तो जोडला जाईपर्यंत सगळे माझ्याकडे बघायला लागले. "यू आर इंडियन." मी मराठी, हे सांगून उपयोग नव्हता. उपचाराचं दुभाष्यावर सोडून मी उशी आणि चहापुरती पुढे झाले. हिंदी, मराठी आणि नरसी मेहतांच्या जोरावर आमचं जमलं. बांनी मात्र उलटतपासणी सुरू केली. लग्न झालं? मुलं? नवरा काय करतो? मग, "भणेली छे ने? तो आ काम केम?" शिकलेली आहेस ना, मग हे काम का? मी सांगितलं, डॉक्टर व्हायचंय, त्यासाठी हे करावं लागतं. बां 1972 मध्ये इदी अमीनने हाकलल्यावर युगांडातून एका पेटीनिशी आलेल्या, नंतर होजिअरीच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तो पहेला बेडपॅन लाव." माझ्या आजवरच्या मुलाखतींतली ही सगळ्यात मुद्देसूद.

इतकं करूनही भागत नाही, कारण काम करणं वेगळं आणि त्यावर चिंतन करणं वेगळं. चिंतनाचं चक्र आहे, 1988 मध्ये गिब्ज नावाच्या गृहस्थांनी आखलेलं: काय घडलं, काय वाटलं, बरंवाईट काय, विश्लेषण, निष्कर्ष, पुढे काय करणार. मी वहीत लिहायला बसायची. काय घडलं: बेडपॅन सांडला. काय वाटलं: ओलं. याच्या पुढे माझं चक्र फिरेना. आमच्याकडे 'काय वाटलं' हे विचारायची पद्धत नाही. 'जेवलीस का' विचारतात, त्यातच सगळं येतं. शेवटी एका फिलिपिनो नर्सने शिकवलं. बारा तास पायावर उभं राहून ती घरी जाताना म्हणाली, "रागाला 'आव्हान' लिही, रडू आलं तर 'प्रगल्भ अनुभव' लिही, आणि बॉस जवळ असेल तेव्हा 'टीमवर्क'." त्यानंतर माझी वही झपाट्याने प्रगल्भ होत गेली.

हे सगळं अर्जात बसवायचं चार हजार अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. ज्या आजी रात्रभर माझा हात धरून मला आपली बहीण समजल्या, त्यांच्या वाट्याला दीड ओळ आली. दाट चहा कापावा लागला. अण्णांचा ग्रुप तर पहिल्याच मसुद्यात गेला, जरी समाजाच्या आरोग्यशिक्षणातलं माझं ठोस योगदान तेच होतं.

एका विद्यापीठाने बोलावलं. इथे एकाच खोलीत मुलाखत नसते. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर, दर टेबलाला नवा प्रश्न. एका टेबलावर अभिनेत्री बसवली होती. तिने शेजारणीचं काम घेतलेलं, तिची मांजर माझ्या गाडीखाली आली असं धरून मी तिला ते सांगायचं. तिने अप्रतिम रडायला सुरुवात केली. मी गिब्ज, सहा 'सी', सगळं पाठ करून गेले होते. तोंडातून निघालं, "चहा देऊ? साखर किती?" ती रडता रडता म्हणाली, "दोन." मागे बसलेल्या परीक्षकाने काहीतरी लांबलचक लिहिलं.

निकाल यायचाय. तोवर मी शनिवारच्या रात्रपाळ्या घेते, त्यांना पैसे जास्त मिळतात. आईने हेही सांगलीत कळवलंय. काल मामांचा फोन आला होता, इंग्लंडात बँका रात्रीच्या उघड्या असतात का म्हणून.