बॉबीचा मूळ रंग

जुनी गाडी दुरुस्त करणे आणि जुनी गाडी मूळ रूपात आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम करणारे मिस्त्री साताऱ्यात पेठोपेठी सापडतात. दुसऱ्या कामाविषयी मत देणारे मात्र त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत आणि ते शोधावे लागत नाहीत, फाटक उघडून आपणहून आत येतात. राजदूत जीटीएस १७५ ही बुटकी मोटारसायकल माझ्या अंगणात उभी राहिल्यापासून हा फरक मी रोज शिकतो आहे.

या गाडीची थोडी कुळकथा सांगणे भाग आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने आपल्या थोरल्या राजदूतचे १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन लहान चाकांच्या एका ठेंगण्या चासीत बसवले आणि धाकटी पाती जन्माला घातली. १९७३ साली राज कपूर यांच्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल कापडिया तिच्यावरून फिरले आणि कंपनीने ठेवलेले नाव त्या दिवसापासून कागदोपत्रीच उरले, लोकांच्या तोंडी ती ‘बॉबी’ झाली. माझ्या पिढीतल्या ज्यांना त्या वयात डिंपल मिळणे शक्य नव्हते, त्यांनी निदान बॉबी राजदूत तरी मिळावी अशी इच्छा धरली. पण बहुतेकांच्या घरी तेव्हा सायकल होती आणि तीही वडिलांची होती.

मला मिळालेली बॉबी उसाच्या पट्ट्यातल्या एका गोठ्यात, कडब्याच्या गंजीला टेकून उभी होती. ‘‘चालू कंडिशनमध्ये आहे का?’’ असे विचारल्यावर मालकांनी, ‘‘बंद केली तेव्हा चालूच होती की,’’ असे उत्तर दिले आणि त्यात खोड काढायला जागा नव्हती. गाडी टेम्पोतून घरी आली. अहोंनी काय आणले आहे हे पाहायला आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि ‘‘राहिलेली उद्या येणार आहे का?’’ एवढेच विचारून आत गेल्या.

त्यांचा प्रश्न अगदी गैर नव्हता. त्या गाडीवर प्रत्येक जुन्या मालकाने स्वतःच्या ऐपतीप्रमाणे आणि कल्पनाशक्तीप्रमाणे सुधारणा केल्या होत्या. पुढचा दिवा लूनाचा होता. बैठकीला रिक्षाचे रेक्झिन होते. मागचा मडगार्ड कोणा वेल्डरने तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कातरून काढलेला होता आणि त्याच्या आतल्या बाजूला शेंगदाण्याच्या वेलाचे चित्र अजून टवटवीत होते. हँडल थोरल्या राजदूतचे बसवल्यामुळे समोरून पाहताना करडाला म्हशीची शिंगे लावल्यासारखे दिसत होते. आमच्या मिस्त्रींनी तोंडातला बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत सगळे निरखले आणि म्हणाले, ‘‘सर, ह्यात चार-पाच गाड्या हायत. आपली कुठली तेवढी सांगा, बाकीच्या मी काढून ठेवतो.’’

इंजिनाचा भाग मी थोडक्यात उरकू शकलो असतो, कारण इंजिनाला स्वतःचे मत नसते. ते बिघडलेले असते आणि नीट करता येते. परंतु पहिल्याच दिवशी सायलेन्सर उलटा धरून लाकडी हातोडीने ठोकला, तेव्हा काजळीच्या खपल्यांबरोबर कुंभारीण माशीने बांधलेली मातीची अख्खी चाळ बाहेर पडली. पिस्टन गंजाने सिलिंडरला चिकटून बसला होता. डिझेल आणि ऑइल ओतून, लाकडाचा ठोकळा ठेवून, हलक्या हाताने मिनतवाऱ्या केल्यावर तो एकदाचा सुटला. मिस्त्रींनी पिस्टनच्या माथ्यावरची काजळी अंगठ्याने पुसली आणि तिथे छापलेला ओव्हरसाइझचा, म्हणजे तो मूळ मापाहून किती मोठा आहे याचा, आकडा उन्हाकडे धरून वाचला. सिलिंडर इतक्या वेळा बोअर झाला होता, म्हणजे आतून कोरून रुंद केला गेला होता, की आणखी खरवडायला त्याच्या अंगावर मांस उरले नव्हते. तेव्हा तो कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन नवे लायनर, म्हणजे आतली धातूची नळी, घालून आला. टू-स्ट्रोकच्या लायनरला वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्याही पाडाव्या लागतात, आणि त्या मूळ खिडक्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. ज्या कारागिराने त्या जुळवल्या, तो ते काम करताना शेजाऱ्याशी कुस्तीच्या निकालावर भांडत होता, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

एवढे झाल्यावर गाडी सुरू झाली आणि मग बंद होईना. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पेटीत येते आणि पिस्टन खाली उतरताना ते दाबून वर ढकलतो. म्हणून त्या पेटीने दम धरला पाहिजे. आमच्या पेटीचे ऑइल सील, म्हणजे फटी बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, वर्षानुवर्षे उभे राहून कडक झाले होते. त्यांच्या फटीतून वारा शिरला, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली आणि इंजिन आपणहून भडकत गेले. स्विच होता तो निखळून मिस्त्रींच्या हातात आला होता. सबंध आळी निळ्या धुराने भरली, वरच्या मजल्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, वाळत घातलेल्या कुरडया कोणीतरी उचलून आत पळवल्या. मिस्त्रींनी शांतपणे गाडी गियरमध्ये टाकली, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडून तिचा गळा दाबला. मग त्या शांततेत ते म्हणाले, ‘‘जीव हाय गाडीत.’’

सील बदलले, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, आणि कास पठाराकडून येणाऱ्या पावसाच्या आत गाडी रस्त्यावर येणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा रंगाचा प्रश्न निघाला.

टाकीला रिमूव्हर लावून पत्रीने खरवडायला बसलो. वर ब्रशने फासलेला हिरवा रंग होता. त्याच्याखाली भगवा आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’. आशीर्वादाखाली मरून निघाला, मरूनखाली थेट रेड ऑक्साइडचे अस्तर आणि त्याखाली पत्रा. म्हणजे कोणीतरी मध्येच टाकी पत्र्यापर्यंत घासून मूळ रंगाचा पुरावा नष्ट केला होता. नोंदणीपुस्तकात रंगाचा रकाना असतो, पण पुस्तकाची घडी नेमकी त्याच रकान्यावर पडून तिथला कागद झिजून गेला होता. १९७४ हे साल मात्र ठळक उरले होते.

आमच्या शेजारी राहणारे नाना एमआयडीसीतल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. साताऱ्यातच तयार होणाऱ्या प्रिया स्कूटरवर त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे दोन चाकांच्या कोणत्याही वाहनावर त्यांचा शब्द आमच्या आळीत अखेरचा मानला जातो. नानांनी पिवळा असा निकाल दिला. समोरच्या काकूंनी लाल असल्याचे शपथेवर सांगितले, कारण त्यांना पाहायला आलेले एक स्थळ लाल बॉबीवरून आले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. इतकी महत्त्वाची गोष्ट बाईमाणूस विसरत नाही, असे त्या म्हणाल्या. काका त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होते आणि वाचतच राहिले. मी चित्रपटच पाहून खात्री करू या असे सुचवले, तर नाना म्हणाले, ‘‘शूटिंगसाठी रंगवली नसेल कशावरून?’’ या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. शेवटी पेंटरकडे जो पिवळा शिल्लक होता तो लागला. नाना समाधान पावले. काकूंनी माझ्या गाडीकडे पाहणे सोडून दिले आहे.

मूळ रूपाचा हा हट्ट केवळ हौसेचा नाही. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनांना विंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. त्यात वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे अशी अट आहे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिरवता येतात, आणि एवढे सगळे करून ते वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. ‘‘म्हणजे गाडीपेक्षा जास्त पैसे भरायचे, ते तिने घरात बसावे म्हणून?’’ असा सारांश सौभाग्यवतींनी काढला. सरकारी भाषेत तो इतका सोपा नव्हता, पण चुकीचाही नव्हता.

आता फक्त पुढचा मूळ दिवा आणि त्याची कडी राहिली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी पाहिले, रविवारी पाहिले. तिथे सोनोग्राफीच्या यंत्राचा भाग मिळाला असता, पण बॉबीचा दिवा नव्हता. अखेर मिस्त्रींच्या ओळखीतून सांगलीच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडेही बॉबी आहे, दिवा कडीसकट अस्सल आहे, आणि टाकी मात्र गंजून चाळणी झाली आहे. मी दिव्याची किंमत विचारली. त्यांनी माझ्या टाकीची विचारली. मी त्यांना त्यांची संपूर्ण गाडी विकण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तोच सल्ला मला दिला. हल्ली सणासुदीला आम्ही एकमेकांना न चुकता फोन करतो, शुभेच्छा देतो, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो, आणि फोन ठेवण्यापूर्वी दोघांपैकी एक जण हळूच चौकशी करतो, ‘‘मग, कंटाळलात की नाही अजून?’’