‘गाडी जुनी झाली’ हे निदान नव्हे

आज दुपारी एका गॅरेजमध्ये जे ऐकले, ते संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मध्यम वजनाचा, १४ वर्षे चाललेला ट्रक घेऊन एक जण आला होता. मालक तोच आणि चालकही तोच. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही आणि भरलेली असली की चढावर ओढत नाही, एवढीच त्याची तक्रार होती. मिस्त्रींनी केबिन उचलली नाही, एका नटाला पाना लावला नाही. म्हणाले, “दादा, गाडी जुनी झाली. पंप-नोझल करून बघू, नाही तर इंजिन खोलावे लागेल.” पंप-नोझल म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल फवारणारे भाग. त्या बिचाऱ्याने मान डोलावली. मिस्त्रींच्या बोलण्यापेक्षा ते मान डोलावणे माझ्या अधिक जिव्हारी लागले, कारण काही वर्षांपूर्वी मीही अशीच मान डोलावली होती.

माझा ट्रक तेव्हा चढावर तापू लागला होता. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर असे, चढ लागला की लाल पट्टीकडे सरके. गाडी जुनी आहे, असे होणारच, असे मला सांगण्यात आले. इंजिन थंड ठेवणारे भाग एकेक करून बदलले: आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग पंख्याचा व्हिस्कस क्लच. तीन वेळा गाडी उभी राहिली, तीन बिले भरली आणि काटा चढावर पुन्हा तिथेच जात राहिला. चौथ्या वेळी हेड गॅस्केट (इंजिन आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) गेले. पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसल्यावर मग कोणाला काही पटवून देण्याची गरज उरली नाही.

हेड उतरवायचे म्हणून रेडिएटर बाहेर काढला, तेव्हा खरे कारण दिसले. समोरचा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत धूळ, भुसा आणि ऑइलची वाफ यांचा थर जमून घट्ट झाला होता. एका वयस्कर मिस्त्रींनी तो नखाने उचकटला, तेव्हा तळहाताएवढा तुकडा घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघून आला. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसत होती, त्यामुळे तिथे कोणी डोकावलेच नव्हते. हे काम इंटरकूलर सैल करून पंख्याच्या बाजूने पाणी मारण्याचे, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे होते. त्याऐवजी मी तीन चांगले भाग फेकून दिले आणि वर हेड घासून आणण्याचा खर्च केला. गाडी जुनी होती म्हणून हे घडले नाही. कोणी पाहिले नाही म्हणून घडले.

म्हणूनच आज मला गप्प राहवले नाही. मी त्या मालकाला विचारले, “सकाळी हँडपंप मारून डिझेल हाताने वर चढवले तर गाडी सुरू होते का?” तो म्हणाला, “लगेच होते.” मग इंजिन खोलण्याची भाषा कशासाठी? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपातून डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. तिथे एखादी रबरी नळी कडक होऊन चिरली किंवा तांब्याचा वॉशर बसका झाला, तर अनेकदा बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, पण पाइप आत हवा ओढतो. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. पंप खरोखरच झिजलेला असू शकतो, हे मला मान्य आहे. पण ते नळी आणि वॉशर पाहून झाल्यावर ठरवावे.

मिस्त्रींना माझे बोलणे आवडले नाही. घरी येताना मात्र माझा राग थोडा उतरला. तपासणीची मजुरी त्यांना कोण देतो? नवा भाग हातात दिसला की आपण पैसे मोजतो, आणि दोन तास शोधून कोणी सैल नट आवळून दिला तर “एवढेच तर केले” म्हणून घासाघीस करतो. अशा वेळी त्या माणसाने भाग बदलण्याचाच मार्ग धरला, तर दोष एकट्या त्याचा नाही.

पण मालकांचे काय? क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवतात आणि क्लच दाबणारे रिलीज बेअरिंग “अजून चालेल” म्हणून जुनेच ठेवतात. चार महिन्यांनी ते किंचाळू लागले की तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरतो आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. सेल्फ जड फिरतो म्हणून सेल्फ बदलतात, पण चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेल्या अर्थच्या केबलखालचा, वीज अडवणारा गंज कोणी खरवडत नाही. एअर ब्रेकच्या टाकीतले पाणी काढायला अर्धा मिनिट लागते, तेही रोज होत नाही. ते पाणी व्हॉल्व्हमध्ये गेले की तिथे गंज धरतो. पाण्याबरोबर काळपट ऑइल निघत असेल, तर टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रिंग गेल्याची शंका घ्यावी. ही सूचना फुकट मिळते, ती घेणारा कोणी नाही. ब्रेकच्या बाबतीत तरी “बघू पुढच्या फेरीनंतर” हे वाक्य मला कोणाच्या तोंडून ऐकायचे नाही. तिथे नुकसान फक्त मालकाचे होत नाही.

वयामुळे होणारे बिघाड असतात, हे नाकारत नाही. चॅसीला स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी गंजाने पोखरले असेल किंवा भाग मिळणेच बंद झाले असेल, तर हिशेब वेगळा. पण तेसुद्धा हातोडीने ठोकून, दिवा धरून पाहिल्यावरच सांगता येते.

माझ्या गाडीतून निघालेला तो घोंगडीसारखा तुकडा मी बरेच दिवस डॅशबोर्डवर ठेवला होता. आज त्या मालकाला त्याची हकिगत सांगितली आणि अर्धा मीटर पारदर्शक नळी दिली. ती फीड पंपाच्या आधी जोडून, उद्या सकाळी इंजिन थंड असताना डिझेलमध्ये बुडबुडे येतात का, हे तो पाहणार आहे. तोपर्यंत नोझलला कोणाचा पाना लागू द्यायचा नाही, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.