पार्सेकचं प्रकाशवर्ष करताना भागायचं नाही, गुणायचं!

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, खगोलातली अंतर मोजायची एककं (पार्सेक, प्रकाशवर्ष वगैरे) एकमेकांत कशी बदलायची त्याचा, आणि खाली विचारलं, मामा हे बरोबर आहे ना, मी वहीत उतरवून घेतलंय. हाच मेसेज आधी दोन-तीन ग्रुपवर आला होता, तेव्हा सोडून दिला. पण आता पोरीच्या वहीत गेलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य हे: "पार्सेकचं प्रकाशवर्ष करायला ३.२६ ने भागा." साफ उलटं! प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर, आणि एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. पार्सेक मोठा, मग प्रकाशवर्षांत आकडा वाढणारच ना? प्रॉक्झिमा सेंटॉरी घ्या, सूर्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, १.३० पार्सेकवर. गुणलं की ४.२४ प्रकाशवर्षं, बरोबर. भागलं तर ०.४, म्हणजे खऱ्या अंतराचा दहावा हिस्सासुद्धा नाही, आणि हे गणित लाखभर लोकांनी पाठ करायचं?

लिहिणाऱ्याचा घोळ कुठे झाला असेल तेही सांगतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकल्यासारखा दिसतो, तो पॅरॅलॅक्स. एक खगोलीय एकक (साधारण पृथ्वी-सूर्य अंतर) एवढ्या पायावर हा कोन एक आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग, भरला की अंतर एक पार्सेक. म्हणून १ भागिले कोन. प्रॉक्झिमाचा कोन ०.७६८ आर्कसेकंद, त्यावरून १.३० पार्सेक. भागाकार इथे आहे, आणि इथेच संपतो. पुढे प्रकाशवर्षं काढताना गुणाकारच.

दुसरा मुद्दा, "पृथ्वी-सूर्य अंतर रोज बदलतं म्हणून खगोलीय एकक आणि पुढची सगळी अंतरं अंदाजपंचे." पहिला अर्धा भाग खरा आहे, नाकारत नाही. जानेवारीत अंतर साधारण १४.७१ कोटी किमी असतं, जुलैत १५.२१ कोटी. पण एकक त्याबरोबर हलत नाही हो! आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ साली बीजिंगच्या अधिवेशनात ठराव करून ते कायमचं ठरवून टाकलंय, १४,९५,९७,८७०.७ किमी, बस. पार्सेक त्याच्या सुमारे २,०६,२६५ पट. आणि प्रकाशवर्षाचा तर या एककाशी संबंधच नाही, प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी, गुणिले ३६५.२५ दिवसांचे सेकंद, आले ९.४६ लाख कोटी किमी.

राहिलं "४ प्रकाशवर्षं म्हणजे जायला ४ वर्षं." प्रकाशाला, आपल्याला नाही! ‘व्हॉयेजर १’ हे अवकाशयान सेकंदाला साधारण १७ किमीने चाललंय, त्या वेगाने प्रॉक्झिमाएवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील.

भाचीने ती ओळ खोडली, "१ पार्सेक = ३.२६ प्रकाशवर्षं, गुणायचं" असं लिहून फोटो पाठवला. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीपण टाका, आजच.