फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यात विषाणू सापडतो तो कसा

‘फॉर्मलिनमध्ये विषाणू मरतो, तेव्हा जुन्या ऊतींत तो सापडल्याचे दावे खोटे, पीसीआर नुसता कचरा उचलते’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. (फॉर्मलिन म्हणजे ऊती कुजू नयेत म्हणून वापरतात ते द्रावण; पीसीआर म्हणजे जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी.) पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

विषाणू मरतो, हे खरंच. पण आम्हाला तो जिवंत करून वाढवायचा नसतो. शोधायचे असतात त्याचे अवशेष: आरएनए, डीएनए, प्रथिनं. फॉर्मलिन ते नाहीसे करत नाही, एकमेकांना जखडून टाकतं. फॉर्मलिननंतर ऊती मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये, बसवून ठेवतात. झायलीन या द्रावकाने ते मेण काढलं, प्रोटीनेज-के हे विकर घालून प्रथिनं पचवली आणि वर उष्णता दिली, की त्यातले बरेच बंध सुटतात.

‘आरएनएचे तुकडे पडतात’ हाही आक्षेप खरा. म्हणूनच पीसीआरचं लक्ष्य आखूड ठेवतात, शंभरेक अक्षरांचं. 1918च्या साथीत दगावलेल्या अमेरिकी सैनिकाच्या फुप्फुसाच्या ब्लॉकमधून अमेरिकी संशोधक टॉबेनबर्गर यांच्या गटाने 1997 मध्ये इन्फ्लुएन्झाच्या जनुकांचे तुकडे वाचले ते असेच. बर्लिनमध्ये 1912 सालापासून फॉर्मलिनमध्ये असलेल्या फुप्फुसातून तर गोवराच्या विषाणूचा जीनोम मिळाला.

आता ‘कचऱ्या’बद्दल, म्हणजे बाहेरून नमुन्यात शिरलेल्या परक्या आरएनए-डीएनएबद्दल. ही भीती मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नये. 1959 साली मँचेस्टरमध्ये वारलेल्या एका माणसाच्या ऊतींत एचआयव्ही सापडल्याचं 1990 मध्ये छापून आलं. पुढे तपासलं तर विषाणू अलीकडच्या काळातला निघाला. पण ही चूक पकडली कशाने? त्याच नमुन्यांतल्या जनुकांचा क्रम पुन्हा वाचून. असा कचरा शिरू नये म्हणून मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, दर केसनंतर पातं बदलायचं, आणि ऊती नसलेला नुसत्या मेणाचा ब्लॉकही कापून सगळ्या टप्प्यांतून न्यायचा. त्या कोऱ्या ब्लॉकमध्ये विषाणू दिसला, तर त्या दिवशीची सगळी पॉझिटिव्ह उत्तरं रद्द.

शिवाय पीसीआर एकटी नसते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत विषाणूचं प्रथिन असलेली पेशीच रंगते, इन-सिटू हायब्रिडायझेशनमध्ये त्याचं आरएनए किंवा डीएनए जागच्या जागी दिसतं. फुप्फुसाच्या अस्तरातली नेमकी पेशी तपकिरी झालेली पाहिल्यावर तिला कचरा कसं म्हणायचं?

खरं तर मला जास्त धास्ती निगेटिव्ह उत्तराची वाटते. ऊती फॉर्मलिनमध्ये फार दिवस राहिली की विषाणू असूनही सापडत नाही. त्यासाठी सोबत माणसाचं एक जनुकही तपासतात, जे ऊतीत असायलाच हवं. तेही आलं नाही, तर ‘विषाणू नाही’ असं लिहायचं नसतं. ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ असं लिहायचं.