‘दोनदा भाडं घेतलं, पण कोणती लेन्स घ्यायची ते सांगितलं नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत. दोन वीकेंडला दोन लेन्सचं भाडं गेलं आणि ते पाण्यात गेलं. सोनीची २००-६०० मिलिमीटरची लेन्स सॉफ्ट होती (फोटो धूसर आले), म्हणजे आम्ही खराब लेन्स दिली. डिपॉझिट आणि आधार मागून आम्ही तुमच्याकडे संशयाने पाहिलं. आणि ‘यातली कोणती विकत घेऊ?’ असं सरळ विचारल्यावर मी ‘अजून एकदा वापरून बघा’ म्हणालो, याचा अर्थ मला फक्त भाड्यात रस आहे. ही शेवटची तक्रार मनाला लागली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या दुकानात विक्रीला काहीही नाही, साधं मेमरी कार्डसुद्धा नाही. तुम्ही लेन्स पुण्यात घ्या, मुंबईला बोरा बाजारात घ्या किंवा घेऊच नका, आम्हाला त्यातून एक रुपया सुटत नाही. भाड्याची रक्कम खरेदीतून वळती करावी असं तुम्ही लिहिलंय, तेही याच कारणाने जमत नाही. खरेदी आमच्याकडे होतच नाही, मग वळती कशातून करणार? पण याचाच दुसरा अर्थ असा की मी तुम्हाला जे सांगतो त्यात महागडी वस्तू गळ्यात मारायचा हेतू असू शकत नाही.

आता ‘अजून एकदा’ का म्हणालो ते सांगतो. पहिल्या वेळी तुम्ही २००-६०० घेऊन उजनी धरणाकाठच्या भिगवणला गेलात आणि दुसऱ्या वेळी सोनीचीच १००-४०० जीएम लेन्स घेऊन सिंहगडाच्या पायथ्याच्या सिंहगड व्हॅलीत. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला या दोन जागांतला फरक माहीत असतो. उजनीच्या फुगवट्यावर उघडं पाणी, उघडं आभाळ आणि लांबवर थवे. बोटीत तुम्ही बसलेले असता, कोपर गुडघ्यावर टेकता येतं, वजन हातावर येत नाही. व्हॅलीत याच्या बरोबर उलटं. झाडांची गच्च सावली, पक्षी छोटा आणि चपळ, कधी हाताच्या अंतरावर तर कधी थेट डोक्यावरच्या फांदीत. तिथे उभं राहून, मान वर करून, लेन्स हातात तोलून धरावी लागते. २००-६०० चं वजन ट्रायपॉडची कॉलर सोडून २११५ ग्रॅम आहे आणि १००-४०० चं १३९५. पाऊण किलोच्या आसपासचा हा फरक बोटीत जाणवतही नाही, व्हॅलीत तासाभरात दंड भरून येतात. तुम्ही जड लेन्स बसून वापरलीत आणि हलकी उभ्याने. मग ‘४०० हाताळायला खूप सोपी वाटली’ असं म्हणालात, तेव्हा तो लेन्सचा गुण होता की जागेचा, हे मी कशावरून सांगू? तुम्हालाही ते तेव्हा सांगता आलं नसतं. म्हणून म्हणालो की एकदा लेन्स आणि जागा यांची अदलाबदल करून बघा.

विचारल्याबरोबर एक नाव सांगून टाकणं मला सोपं होतं. पण ही लेन्स दोन लाखांच्या घरातली आहे. ती वर्षानुवर्षं तुमच्या खांद्यावर असणार, माझ्या नाही. तुमच्या हातात ती मला बघायचीच होती.

सॉफ्टबद्दल मात्र स्पष्ट लिहितो, कारण इथे वाचणाऱ्या इतरांचाही गैरसमज होईल. अभिप्रायासोबत तुम्ही फ्लेमिंगोंच्या थव्याचे दोन फोटो टाकले आहेत. त्यांत फ्लेमिंगोंचे पाय बघा. ते काडीसारखे सरळ दिसायला हवेत, तुमच्या फोटोत ते पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखे वेडेवाकडे आलेत आणि दोन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी वाकलेत. लेन्सची काच जागेवरून हलली असेल तर तीच बाजू, तोच कोपरा प्रत्येक फ्रेममध्ये मऊ येतो. सरळ पाय फ्रेमगणिक वेगळ्या जागी वाकवणारा दोष काचेचा नसतो. तो हवेचा असतो. ऊन चढलं की पाण्यालगतची हवा कमीजास्त तापते, थंड आणि गरम हवेचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि त्यातून येणारा प्रकाश वाकत जातो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबची गाडी थरथरताना दिसते, तोच हा प्रकार. लेन्स जेवढी लांब पल्ल्याची आणि पक्षी जेवढा दूर, तेवढं ते थरथरणं मोठं होऊन फोटोत उतरतं. शटर वाढवून, आयएसओ बदलून किंवा दहा लाखांची प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावूनही ते जात नाही.

लेन्स परत द्यायला आलात तेव्हा तुमचं कार्ड आपण दुकानातल्या मॉनिटरवर लावलं होतं. सकाळी ऊन वर यायच्या आत टिपलेला चित्रबलाकाचा फोटो आठवतो? पंखातलं एकेक पीस सुटं दिसत होतं, डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा. तीच लेन्स, तोच तुमचा ए७ फोर कॅमेरा, तोच दिवस. शिवाय प्रत्येक लेन्स परत आली की आम्ही भिंतीवर छापील कागद लावून मधला भाग आणि चारही कोपरे तपासतो, तुमच्या आधी आणि तुमच्या नंतरही ती तपासली आहे. हीच लेन्स तुम्ही नवी कोरी विकत घेऊन त्याच दुपारी तिकडे नेली असती, तर तिलाही तुम्ही खराब म्हणून परत करायला निघाला असता. म्हणून भिगवणला जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो की कुंभारगाव किंवा डिकसळची पहिली बोट पकडा, आदल्या दिवशी नावाड्याला फोन करा. दहानंतर लांबचा थवा सोडून द्या, बोटीजवळ येणारे कुरव आणि सुरय टिपा.

डिपॉझिट आणि आधारविषयी थोडक्यात. मूळ कार्ड आम्ही फक्त बघतो आणि लगेच हातात परत देतो. ठेवून घेतो ती मास्क्ड आधारची प्रत, जिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. डिपॉझिट लेन्स तपासून झाल्यावर तुमच्यासमोर यूपीआयने परत केलं जातं, तसं तुम्हालाही मिळालं आहे. भाड्याने नेलेले कॅमेरे परस्पर गहाण टाकल्याचे किंवा विकल्याचे प्रकार या धंद्यात होतात, म्हणून हा नियम ओळखीच्या माणसालाही लागू आहे. त्यात तुमच्याबद्दल काही नाही.

राहिलं ‘पैसे पाण्यात गेले’. एका दिवसाचं भाडं त्या लेन्सच्या किमतीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. नवी लेन्स बिलासकट डब्यात ठेवून त्याच महिन्यात विकायला काढली, तरी ती हजारोंनी उतरते. शिवाय त्या दोन सुट्ट्यांमधून तुम्हाला काय कळलं ते बघा. २००-६०० झूम करताना पुढे लांबत नाही, तोल तसाच राहतो, हे तुम्ही स्वतः मला कौतुकाने सांगितलंत. ती तुमच्या नेहमीच्या सॅकमध्ये मावत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. व्हॅलीत अगदी समोर बसलेल्या फुलपाखरावर १००-४०० ने फोकस पकडला. ती एक मीटरच्याही आतून पकडते, २००-६०० ला कमीत कमी २.४ मीटर लागतात. हे आकडे कुठेही वाचायला मिळतात. पण ते आपल्या कामाचे आहेत की नाहीत, हे फुलपाखरू समोर बसल्यावरच समजतं.

एक काम मात्र तुम्ही अजून केलेलं दिसत नाही, ते जरूर करा. दोन्ही सहलींतले तुम्हाला खरोखर आवडलेले फोटो वेगळे काढा आणि लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ते किती फोकल लेंथवर, म्हणजे झूम किती मिलिमीटरवर असताना काढलेत ते बघा. भिगवणचे बहुतेक फोटो ६०० ला टेकलेले असतील आणि तुमचा जीव तिथल्याच पक्ष्यांत असेल, तर ४०० तुम्हाला कायम तोकडी पडेल. ६०० वर जेवढा पक्षी दिसतो तेवढाच ४०० च्या फोटोतून कापून काढायचा, तर तुमच्या ३३ मेगापिक्सेलपैकी १४-१५ उरतात. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (पल्ला १.४ पट करणारी जोडकाच) लावून ४०० ची ५६० होते खरी, पण एफ ८ वर जाते, म्हणजे उजेड निम्माच आत येतो आणि व्हॅलीतल्या सावलीत ते परवडत नाही. उलट तुमचे आवडते फोटो व्हॅलीतले, ट्रेकमधले, फुलपाखरांचे निघाले, तर जड लेन्स घेऊ नका. ती घरी कपाटात राहील आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. लांबची लेन्स लागेल तेव्हा दोन दिवस भाड्याने न्या. वर्षातून एकदा ताडोबाला जाणारे आमचे कितीतरी ग्राहक अनेक वर्षं हेच करताहेत आणि मीही त्यांना विकत घ्यायचा आग्रह करत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून माझा कल सांगतो. मॉनिटरवर मी जे पाहिलं त्यावरून तुमची नजर उडत्या पक्ष्यावर जास्त जाते. मी तुमच्या जागी असतो तर २००-६०० कडे झुकलो असतो. पण ती व्हॅलीच्या पायवाटेवर सकाळभर हातात धरून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

दोन्ही लेन्स एकाच दिवशी नेल्या तर दुसरीचं भाडं आम्ही निम्मं लावतो. ही सवलत सगळ्यांनाच आहे आणि काउंटरवर लिहिलेली आहे. शनिवार-रविवारऐवजी मधल्या वारी आलात तर दोन्ही मोकळ्या मिळतील आणि बोटींनाही गर्दी नसेल. थंडीतले पाहुणे पक्षी अजून आहेत. आदल्या संध्याकाळी सातच्या आत येऊन घेऊन जा, त्या संध्याकाळचं भाडं लागत नाही.