शाल-नारळ, गावची स्पर्धा आणि आमदाराचं काम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आर. आर. आबांनी (आर. आर. पाटील) ग्रामविकास मंत्री असताना गावागावांत स्वच्छतेची स्पर्धा लावणारं जे ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही भलंमोठं लिहिलंत, आणि हातचं काही राखून लिहिलं नाहीत, हे आवडलं. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसेना, म्हणून हे वेगळं टाकतोय.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमदाराचं काम कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं. गावोगाव फिरून ग्रामसेवकाला, आशाताईला, सफाई कामगाराला शाल-नारळ देणं ही मतांची बेगमी. आबांचं अभियान म्हणजे त्याच सत्काराची सरकारी आवृत्ती. ‘समिती येणार म्हणून आठ दिवस गाव झाडलं, बक्षीस आलं, मग संडासात सरपण भरलं’, असं तुम्ही तुमच्या गावाबद्दल लिहिलंय. वर हेही, की आबांनी जे केलं ते मंत्री म्हणून. साध्या आमदाराच्या हातात यातलं काय असतं?

सरपणाचं आधी घेतो, कारण ते खरं आहे आणि एकट्या तुमच्या गावचं नाही. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. केंद्राने 2003 मध्ये हागणदारीमुक्त गावांसाठी निर्मल ग्राम पुरस्कार आणला, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात महाराष्ट्राच्या ग्रामपंचायती पुढे होत्या. पुढे यातली बरीच गावं घसरली. पहिल्या तपासणीला जो जोर होता तो फेरतपासणीला कधीच नव्हता. पहाटे टमरेल घेऊन जाणाऱ्याला अडवणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ तर मला तेव्हाही पटली नव्हती. ज्याच्या घरी संडास बांधायला जागाच नाही त्याला फुलं देऊन लाजवण्यात कसली लोकसेवा?

पण म्हणून अभियान आणि सत्कार एकाच पारड्यात घालू नका. सत्काराचा फ्लेक्स आठवून पाहा. सत्कारमूर्तीचं नाव खाली बारीक अक्षरात, नेत्याचा फोटो पुरुषभर उंच. कोणाला निवडलं, का निवडलं, हे विचारायची सोय नाही. अभियानात गाव आधी कामाला लागायचं, तेही श्रमदानाने आणि लोकवर्गणीतून. बक्षीस मिळालं तर नंतर. तपासायला येणारे गावाबाहेरचे असायचे, आणि पंचायत समितीपासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागायच्या. मान मिळायचा तो सरपंचाला एकट्याला नाही, गावाला. आमच्याकडे दोन गटांत विस्तव जात नव्हता, ती माणसं शेजारच्या गावाला हरवायचं म्हणून एका गटारीत उतरली होती. ही ईर्ष्या कामाला लावायची अक्कल कुठून आली? आबा 1990 मध्ये आमदार झाले, त्याआधी 1979 पासून सांगली जिल्हा परिषदेत सदस्य होते. ग्रामपंचायतीचं दप्तर, ग्रामसेवकाची पळवाट, गावातली भाऊबंदकी हे सगळं त्यांनी मंत्री व्हायच्या आधीच पाहिलेलं होतं.

आता ‘मंत्री होते म्हणून’ या टोल्याबद्दल. मंत्रिपद नसतानाही काय होतं याचं उदाहरण आबांच्याच तासगाव तालुक्यात आहे, आणि ते आबांपेक्षा जुनं आहे. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, 1960 ते 1978. खातं नाही, निधी नाही, बदलीची पत्रं नाहीत. त्यांनी 1965 च्या सुमारास विसापूरला, दुष्काळी पट्ट्यात, प्रयोग करून पाहिला: अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं, आणि त्या कामातून बांधबंदिस्ती, पाझर तलाव असं टिकणारं काही उभं करायचं. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर नेली गेली. 1975 मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर लागला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी मजुरासाठी पैसा. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा जो कायदा (मनरेगा) केला त्याचं मूळ इथलं.

तुम्ही ‘लोकांत मिसळणं’ आणि ‘कायदे करणं’ अशी दोन वेगळी कामं मांडलीत. विसापूरच्या बांधावर न जाता तो कायदा सुचला असता का? आणि बांधावरून परत येऊन सभागृहात काही झालंच नसतं, तर त्या फेरीला मीसुद्धा तुमच्यासारखंच नाव ठेवलं असतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 पासून अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक होतं, पण नुसत्या एसटीच्या तिकिटावर कोणी अकरा वेळा निवडून देत नाही. पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात किती चिवटपणे लावून धरला ते सांगोलेकरांना विचारा.

आशाताईंच्या मुद्द्यावर मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. त्याहून मोठा सत्कार तो कोणता! तरीही ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या राज्यातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं. आश्वासनाचा शासन निर्णय निघेना म्हणून 2024 च्या सुरुवातीला त्यांनी पुन्हा काम बंद केलं, आझाद मैदानावर ठाण मांडलं. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मानधनात महिना पाच हजारांच्या वाढीचा निर्णय घेतला. हे शालीने झालं नाही. महिला दिनाला त्यांना पैठणी देणाऱ्या आमदारांपैकी किती जणांनी त्या काळात तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकला, लक्षवेधी सूचना मांडली, हे विधिमंडळाच्या कामकाजात शोधता येतं. माझ्या मते सत्कार खरा की खोटा हे ओळखायची हीच जागा.

आणि ‘साध्या आमदाराच्या हातात काय असतं’ असं म्हणून आपणच त्यांना सूट देतो. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती (पीआरसी) असते. पीआरसी येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री जागून दप्तर नीट केलं जातं, लेखा आक्षेप बाहेर निघतात. (त्या दौऱ्यांतल्या जेवणावळींच्या कथा मीही ऐकल्यात, तो विषय पुन्हा कधीतरी.) त्याच समितीतल्या आमदाराने चांगलं काम करणाऱ्या ग्रामसेवकाचं नाव अहवालात घातलं, तर ते कागदावर राहतं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावाला बक्षीस कोणत्या वर्षी मिळालं आणि सरपण कधीपासून भरायला लागलं, हे कळवा. पाणी आटलं, मैला उपसायची सोय नव्हती, की नवा सरपंच दुसऱ्या गटाचा आला? माझ्या अंदाजाने यातलंच काहीतरी निघेल. परवानगी दिलीत तर गावाचं नाव न घेता ती हकीकत मूळ लेखात जोडतो, कारण बक्षिसानंतरच्या वर्षांबद्दल त्यात फार कमी आलंय.