कागद कुणाकडे असतात?
‘कागद नाही तो घुसखोर, लगेच परत पाठवा’ हे निर्वासितांबद्दलच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. जळगावच्या सिंधी कॉलनीतले लोक फाळणीनंतर आले, तेव्हा त्यांच्याकडे तरी कुठले कागद होते? आमच्या आजीने एका कुटुंबाला ओसरीत ठेवून घेतलं, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाऊ घातली. (ती त्यांना पचेना, हा भाग वेगळा!) फाळणीचं प्रकरण निराळं, मान्य. पण जीव वाचवून पळणारा पासपोर्ट शोधत बसत नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरी १९९६ मध्ये चकमांच्या (पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या निर्वासितांच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे. परत पाठवण्याआधी निदान तो का पळाला ते तरी विचारा.